आधी उसवा, मग शिवा: घरच्या मशीनवर पहिला सुती कुर्ता

शिवण शिकायची म्हटलं की आपल्याकडे झबलं-टोपडं उरकून लगेच ब्लाउज हातात देतात. आणि तिथेच निम्म्या जणींचं मशीन फुलाफुलांच्या कव्हराखाली कायमचं झोपी जातं. ब्लाउज हा शिवणकामातला सगळ्यात खडूस प्रकार. अंगाला घट्ट, त्यात टक्स, हुकपट्टी, अस्तर, आणि पाव इंच इकडचा तिकडे झाला की हात वर होत नाही. कुर्ता मात्र चुका पोटात घालतो. तो सैल असतो, त्याच्या बहुतेक टिपा सरळ असतात, आणि बिघडलाच तरी घरात घालता येतो.

आत्याचं काळं पायमशीन माझ्याकडे आलं तेव्हा मीही ब्लाउजनेच सुरुवात केली होती. चार ब्लाउजपीस वाया घालवले. मग एकदा चिडून, विटलेला पण अंगाला नेमका बसणारा एक जुना सुती कुर्ता घेतला आणि तो टीप टीप उसवत गेले. तासाभराने समोर चार-पाच सपाट तुकडे पडले होते आणि क्लासच्या वहीतल्या आकृत्यांचा अर्थ पहिल्यांदा लागला. ह्या लेखात तोच रस्ता सांगते. उसवण्याचा क्रम उलटा फिरवला की शिवण्याचा क्रम मिळतो.

मशीनशी ओळख

नवं मशीन घ्यायलाच हवं असं नाही. घरात, नात्यात कुठेतरी सरळ टीप घालणारं काळं मशीन धूळ खात असतंच. ते चालतं. झिगझॅग, भरतकाम, वीस प्रकारच्या टिपा यांची पहिली दोन वर्षं गरज पडत नाही. मोटरवालं असेल तरी हरकत नाही, पण शिकताना मला पायमशीन आवडतं, कारण ते तुमच्यापेक्षा वेगाने पळत नाही.

मशीन कसं शिवतं हे एकदा समजून घ्या, पुढची अर्धी डोकेदुखी टळते. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या. १८४६ साली अमेरिकेत एलियास हाऊ यांनी ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यात हीच युक्ती होती: टोकाशी नेढं असलेली सुई वरचा धागा कापडाखाली नेते, खाली त्याचा फास होतो, आणि त्या फासातून खालचा, म्हणजे बॉबिनचा धागा जातो. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली की टीप चांगली. गाठी वरच्या बाजूला दिसल्या तर वरचा ताण जास्त आहे, स्क्रू थोडा सैल करा. खालच्या बाजूला दिसल्या तर वरचा ताण कमी आहे, थोडा आवळा. एका वेळी पाव फेरा फिरवायचा आणि चिंधीवर टीप घालून बघायची.

कापडाखाली धाग्याचं घरटं झालं तर नवशिके बॉबिन काढून बसतात. गुंता खाली दिसतो, पण चूक बहुतेक वेळा वर असते. वरचा धागा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, किंवा वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून ओवायचा राहिलेला असतो. म्हणून धागा ओवताना मशीनचा पाय (सुईखाली कापड दाबून धरतो तो) वर उचललेला ठेवा, म्हणजे चकत्या सैल असतात आणि धागा आत शिरतो. सुईच्या एका बाजूला लांब खोबण असते, धागा त्याच बाजूने ओवायचा. सुई बदलताना जुनी कशी बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटी बसलेली सुई टाके गाळते आणि आपण दिवसभर मशीनला शिव्या घालतो.

बॉबिन भरताना धागा सारखा आणि घट्ट गुंडाळला गेला पाहिजे. ती डबीत बसवल्यावर धाग्याला धरून डबी हवेत लटकवा. आपोआप घसरत खाली गेली तर ताण कमी, हलका झटका दिल्यावर इंचभर उतरली तर बरोबर, जागची हललीच नाही तर जास्त.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा गोडेतेल घातलं की ते काही दिवसांत चिकट होतं आणि मशीन जाम. तेल घातल्यावर दहा मिनिटं चिंध्यांवर चालवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडतो.

सुई पॉपलिन, केंब्रिकसारख्या कापडाला १४ नंबर, मलमल किंवा व्हॉइलला ११, जीन्सला १६. टाक्याची लांबी इंचाला साधारण दहा टाके बसतील इतकी. मोठ्या कामानंतर सुई बदला. ती बोथट झाली की कापडातून जाताना टक् टक् आवाज येतो, तो ओळखायला शिका.

आधी कागदावर

धागा न ओवता, वहीचं रेघांचं पान घ्या आणि रेघेवरून टीप मारा. पायमशीनवर पहिल्यांदा चाक उलटं फिरतं आणि धागा ओवलेला असेल तर तो तुटतो, हे सगळ्यांचं होतं. चाक हाताने आपल्याकडे फिरवून गती द्यायची, मग पायाने ती राखायची. दोन्ही पाय पावड्यावर ठेवा, एक थोडा पुढे, एक मागे. दुसऱ्या पानावर चौकोन काढा. कोपऱ्यावर आलात की सुई कागदात रुतलेली ठेवून मशीनचा पाय उचला, कागद फिरवा, पाय खाली. तिसऱ्या पानावर जिलबी काढा आणि बाहेरून आत जा. जिलबी जमली की मुंढा (बाही जोडतात ते वळण) आणि गळा जमतो.

ह्यात एकच गोष्ट शिकायची असते: कापड ओढायचं नाही. खालचे दाते ते पुढे नेतात, आपले हात फक्त वळण देतात. ओढलं की सुई वाकते, वाकली की लोखंडी पट्टीवर आपटून तुटते.

सुईकडे बघत शिवू नका. पायाच्या उजव्या कडेपासून कापडाच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. मी मशीनच्या पट्टीवर सुईपासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, तो कित्येक महिने तसाच होता.

कागद झाल्यावर दोन उशांचे अभ्रे शिवा. चारच टिपा असतात, पण सुरुवातीला आणि शेवटी टीप पक्की करण्याची सवय लागते. मशीनला उलटी टीप घालणारा खटका असेल तर तीन-चार टाके मागे जाऊन पुन्हा पुढे या. नसेल तर पाय उचलून कापड मागे घ्या आणि त्याच जागी पुन्हा शिवा. हवा असेल तर त्यानंतर एक परकर. नेफा दुमडून नाडी ओवण्याइतपत त्यात शिकण्यासारखं असतं. मग थेट कुर्ता.

सामान

एक चांगली कात्री, मेजपट्टी, खडू, टाचण्या, हातसुई, उसवणी आणि इस्त्री. बाकी काही लागत नाही. कात्री फक्त कापडाची. ती घरातल्या कुणालाही दाखवू नका. माझ्या कात्रीने एकदा दुधाची पिशवी कापली गेली, गुन्हेगार अजून सापडलेला नाही.

उसवणी म्हणजे दुकानात मिळते ती चिमुकली, दोन टोकांची वस्तू, एका टोकाला लाल मणी. ब्लेडने उसवू नका, कापडाला भोक पडतं.

कापड

पहिल्या कुर्त्याला पॉपलिन किंवा केंब्रिक. बारीक छपाईचं, कारण वेडीवाकडी टीप त्यात लपते. रेयॉन, जॉर्जेट, सॅटिन यांच्या मोहात पडू नका. दुकानात ती सुंदर दिसतात आणि टेबलावर माशासारखी निसटतात. ताणली जाणारी होजियरी तर नकोच. मोठी फुलं, चौकडी आणि पट्टे टाळा, ते शिवणीवर जुळवावे लागतात. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, आणि गावोगावची कटपीसची दुकानं. कटपीसवाल्याकडे अडीच मीटरचा तुकडा मिळाला तर सोनं.

दुकानदाराला आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. मी ४४ इंच पन्हा धरून सांगते. गुडघ्यापर्यंतच्या, म्हणजे ४० इंची कुर्त्याला पुढचा आणि मागचा मिळून कापण्याची लांबी ८४ इंच लागते. कापड आटणार हे धरून अडीच मीटर घ्या. पन्हा ३६ असेल तर बाह्या शेजारी बसत नाहीत, मग पावणेतीन.

कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, पिळू नका, वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. ही पायरी गाळलीत तर पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंतचा कुर्ता मांडीवर येतो.

मग धागा बघायचा. काठाला समांतर जातो तो उभा धागा. त्या दिशेने कापड ओढलं तर जवळजवळ ताणत नाही, आडवं ओढलं तर थोडं ताणतं, आणि तिरकं ओढलं तर रबरासारखं. कुर्ता नेहमी उभ्या धाग्यावर कापायचा, नाहीतर दोन-तीन धुण्यांनंतर तो अंगावर पिळवटतो. दुकानदाराने कात्रीने वाकडं कापून दिलं असेल तर टोकाला छोटा काप देऊन कापड आडवं फाडा. पॉपलिन टर्रकन सरळ फाटतं आणि धागा आपोआप सरळ मिळतो.

जुना कुर्ता उसवताना

कपाटातला असा कुर्ता शोधा जो तुम्हाला छान बसतो पण आता बाहेर घालण्यासारखा राहिलेला नाही. सुती, साध्या गोल गळ्याचा, अस्तर नसलेला. अंगात घालून आरशासमोर उभ्या राहा आणि त्याच्याबद्दलच्या तक्रारी कागदावर लिहा: बाही दंडात घट्ट, गळा मागे जास्त, बसल्यावर पोटावर ओढतो. ह्याच तक्रारी पुढे कागदावर दुरुस्त करायच्या आहेत.

आता उसवा. टीप कापत जायचं नसतं. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका उसवणीने तोडायचा, मग दुसऱ्या बाजूचा धागा ओढला की तो सलग निघून येतो. सगळ्यात शेवटी घातलेली टीप आधी निघते. म्हणून खालची दुमड पहिली, मग बाजूचे कट, बाजूच्या टिपा, बाह्या, गळ्याची पट्टी आणि शेवटी खांदे. प्रत्येक टीप काढताना कागदावर क्रमांक टाका आणि माया किती सोडली होती ते लिहा. (टिपेच्या बाहेर राहणाऱ्या कापडाला शिंपी माया म्हणतात. शिवणकामातला सगळ्यात सुंदर शब्द हाच असावा.) मुंढ्याचा पुढचा आणि मागचा भाग सारखा नाही हेही आत्ताच बघून घ्या. पुढचा साधारण अर्धा इंच जास्त खोल असतो, कारण हात पुढे जातो, मागे नाही. बाहीचंही तसंच. तिच्या डोक्याचा एक बाजूचा उतार जास्त खोलगट असतो, ती बाजू पुढे येते. बाह्या काढण्याआधी खडूने ‘पु’ आणि ‘मा’ लिहा.

तुकड्यांना इस्त्री करून वर्तमानपत्रावर किंवा खाकी कागदावर ठेवा. पुढचा आणि मागचा तुकडा मधोमध दुमडा, म्हणजे अर्धाच आखावा लागतो. दुमडल्यावर दोन बाजू तंतोतंत जुळणार नाहीत. वापराने गळा आणि मुंढा ताणलेला असतो. दोघांच्या मधून रेघ काढा. उसवायला जीव होत नसेल तर कुर्ता उलटा करून, दुमडून कागदावर ठेवा आणि टिपांवरून टाचणी टोचत जा. भोकं जोडली की आकार मिळतो. पण उसवून जे कळतं ते ह्यात कळत नाही.

कागदावरची पडताळणी

आखलेला आकार मापांशी ताडून बघायचाच. ३६ छातीचं उदाहरण घेऊ. कुर्त्याला चार इंच सैलपणा धरला तर तयार घेर ४०, त्याचा चौथा हिस्सा १०, त्यात बाजूची एक इंच माया मिळवून ११. म्हणजे दुमडलेल्या कापडावर, घडीपासून छातीच्या रेघेवर ११ इंच. खांदा टोकापासून टोकापर्यंत १४ असेल तर अर्धा ७, माया अर्धा इंच, झाले साडेसात. खांद्याला बाहेरच्या टोकाशी पाऊण इंच उतार. मुंढ्याची खोली साधारण ८. खालचा घेर घडीपासून मायेसकट १३. लांबी ४०, खांद्याची माया अर्धा आणि खालची दुमड दीड, एकूण ४२. शिंपी इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत म्हणतात. मास्तर ‘दोन सूत आत घ्या’ म्हणाले तर पाव इंच.

छातीपेक्षा सीट (नितंबांचा घेर) मोठी असेल तर खालचा घेर सीटच्या मापाने ठरवा, आणि बाजूचा कट सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्या जरा वरूनच सुरू करा. तो खाली सुरू झाला की बसताना टीप चरचरते. आरशासमोर खुर्ची ठेवून बसून माप घ्यावं. उभ्याने घेतलेलं माप बसल्यावर खोटं ठरतं.

गळ्याची रुंदी घडीपासून ३, पुढची खोली सहा-साडेसहा, मागची २. मेजपट्टी उभी धरून आखलेल्या वळणावर फिरवा, दुप्पट करा, पुढचा-मागचा मिळवा. ही बेरीज डोक्याच्या घेराहून जास्त हवी, नाहीतर कुर्ता शिवून होईल आणि अंगात शिरणार नाही. मात्र कापताना गळा आखलेल्यापेक्षा पाव इंच लहानच कापा. पट्टी लावताना तो आपोआप मोठा होतो. लहान गळा मोठा करता येतो, मोठा गळा लहान करायला देवही येत नाही.

कापणं

नवशिके कापड पन्ह्याच्या मधोमध दुमडतात. तसं केलं की दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या उरतात आणि बाह्या बसत नाहीत. त्याऐवजी काठापासून १३ इंच कापड आत दुमडा, म्हणजे घेर निघेल इतकंच. ४४ मधून २६ गेले, एका बाजूला १८ इंची सलग पट्टी उरते. त्यात १६ इंच रुंदीच्या दोन्ही बाह्या एकाखाली एक बसतात, आणि वर गळ्याच्या पट्टीला कापड राहतं. दुमडल्यावर घडी वरपासून खालपर्यंत काठाला समांतर आहे ना, हे मेजपट्टीने तीन ठिकाणी मोजा.

कागद टाचण्यांनी लावा, खडूने आखा, कापड टेबलावरून न उचलता कापा. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकून सरकत राहिलं पाहिजे. आधी मागचा भाग कापा, मग त्यावरून पुढचा, आणि पुढचा गळा आणि मुंढा त्यानंतर खोल करा. दोन्हींच्या मधोमध, गळ्यापाशी आणि खाली, एका सुताचा छोटा काप द्या. जुळवताना तीच खूण लागते.

बाह्या कापताना काळजी घ्या. मी पहिल्या कुर्त्याला छापील कापडावर, सुलट बाजू वर ठेवून, एकच कागद दोनदा आखला आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. शिवून होईपर्यंत कळलं नाही. घातल्यावर डावा खांदा सतत पुढे ओढला जात होता, आणि मी आठवडाभर माझ्या खांद्यातच खोट आहे असं समजत होते. कागद एकदा सुलटा आणि एकदा उलटा करून आखायचा, किंवा कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या.

कापलेल्या कडांचे धागे सुटतात. घरी इंटरलॉकचं मशीन नसेल तर ‘फॉल-पिको करून मिळेल’ असा बोर्ड असतो तिथे बहुधा इंटरलॉकही करून देतात. खांदे, बाजू आणि बाह्यांच्या कडा आधीच करून आणल्या की काम स्वच्छ होतं. गळा मात्र करू नका, तो पट्टीत जाणार आहे.

शिवण्याचा क्रम

उसवताना टाकलेले क्रमांक आता शेवटून वाचा.

खांदे पहिले. पुढचा आणि मागचा भाग सुलट बाजू समोरासमोर ठेवून अर्ध्या इंचावर टीप. लगेच इस्त्री. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, आधी आहे त्या बाजूवर दाबून, मग माया उलगडून. घरी शिवलेलं आणि शिंप्याने शिवलेलं यातला फरक निम्म्याहून जास्त इस्त्रीत असतो. कंटाळा इथेच येतो आणि इथेच करायचा नसतो.

मग गळा. ह्यासाठी उरेब पट्टी हवी, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली. उरलेल्या कापडाचा कोपरा असा दुमडा की आडवी कड काठावर येऊन बसेल. मधे जी घडी पडते ती बरोबर ४५ अंशांची. तिला समांतर सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या कापा, लागतील तशा जोडा, गळ्याच्या घेराहून दोन-तीन इंच लांब ठेवा. पट्टी कुर्त्याच्या सुलट बाजूवर उलटी ठेवा आणि पाव इंचावर टीप घालत जा. वळणावर पट्टी अगदी जराशी ताणून धरा. ती ढिली राहिली तर गळा नंतर लाटेसारखा उभा राहतो. टोकं एका खांद्यावर, मागच्या बाजूला जोडा. आता मायेत दर अर्ध्या इंचाला छोटे काप द्या, टिपेपासून एक सूत अलीकडेच थांबा. हे काप दिले नाहीत तर पट्टी आत वळत नाही, आणि टिपेपर्यंत गेले तर गळ्याला भोक. पट्टी पूर्ण आत वळवा, कड दुमडा, इस्त्री करा आणि हाताने तुरपाई करा. मशीनची टीप चालते, पण पहिल्या गळ्याला हातानेच करा. वेडीवाकडी टीप डोळ्यांसमोर छातीवर येते, तुरपाई लपून जाते.

बाह्या उघड्यावर जोडायच्या, म्हणजे बाजूच्या टिपा घालण्याआधी. तयार गोल मुंढ्यात गोल बाही बसवणं हे पुढच्या यत्तेचं काम. बाहीची खालची दुमड आधीच शिवून घ्या. बाहीच्या डोक्याचा मध्य खांद्याच्या टिपेवर, ‘पु’ पुढे, ‘मा’ मागे, आणि दोन्ही टोकं मुंढ्याच्या टोकांना टाचा. बाहीची कड मुंढ्यापेक्षा अर्धा इंच जास्त भरणं स्वाभाविक आहे. ते जास्तीचं कापड खांद्याच्या आसपास वाटून टाका, काखेत नको. शिवताना बाही खाली आणि कुर्ता वर ठेवा. दाते खालच्या कापडाला थोडं जास्त ढकलतात, त्यामुळे जास्तीचा अर्धा इंच चुणी न पडता सामावतो. ही एक गोष्ट मला क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती.

आता बाजू. बाहीच्या तोंडापासून काखेपर्यंत आणि तिथून कटाच्या खुणेपर्यंत एकच सलग टीप, एक इंचावर. काखेतल्या चार टिपांचा चौक बरोबर जुळला पाहिजे, तिथे आधी टाचणी लावा. पहिल्यांदा ही टीप मोठ्या टाक्यांची, कच्ची घाला आणि कुर्ता घालून बघा. दोन्ही हात वर करा, केस बांधल्यासारखे करा, खाली वाका. काखेत ओढलं तर माया पाव इंच सोडा, सैल वाटलं तर आत घ्या. मग पक्की टीप. कटाच्या सुरुवातीला टीप दोनदा पक्की करा, तिथे सगळ्यात जास्त ताण येतो. बाजूची एक इंच माया कापून टाकू नका, वजन काटा पुढे सरकला की तीच कामाला येते.

कट म्हणजे मायेचाच भाग, अर्धा-अर्धा इंच दोनदा आत दुमडायचा. एका बाजूने खाली उतरण्याऐवजी खालच्या टोकापासून वर चढा, कटाच्या माथ्यावर सुई रुतवून वळा, आडवे चार टाके घाला, पुन्हा वळून दुसऱ्या बाजूने खाली या. शेवटी खालची दुमड, अर्धा इंच आणि मग एक इंच. ती करण्याआधी कुर्ता रात्रभर हँगरला लटकवून ठेवा. घेराचा तिरका भाग वजनाने उतरतो, सकाळी कडा एकसारख्या नसतील तर खडूने सरळ करून घ्या.

बिघडलं तर

खांद्याजवळ गळा पुढे उघडा पडत असेल तर बहुतेक वेळा खांद्याचा उतार जास्त आहे. गळ्याकडच्या टोकाशी दोन सूत जास्त आत घ्या. पाठीवर आडव्या चुण्या पडत असतील तर कापड जास्त आहे, पुढच्या वेळी मागचा भाग खांद्यापाशी अर्धा इंच उतरवा. काखेपासून छातीकडे ओढ दिसत असेल तर सैलपणा कमी पडलाय, मुंढा खोल करून काही होत नाही, उलट हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. हे मला दोन कुर्ते कापून झाल्यावर कळलं.

टीप वाकडी गेली तर लगेच उसवा. दहा इंच पुढे गेल्यावर ती जास्तच डोळ्यात भरते. पण रात्री अकरानंतर उसवू नका. थकलेल्या हाताने उसवणी कापडात शिरते.

कुर्ता धुऊन, दोनदा घालून झाला की खाकी कागद पुन्हा काढा आणि त्यावरच पेनाने लिहा. माझ्या कागदावर आत्ता असं लिहिलेलं आहे: मागचा गळा अर्धा इंच वर, उजवी बाजू दोन सूत सोडणे, खिसा ठेवणे, बाही दीड इंच लांब. खाली बारीक अक्षरात: डावी बाही डावीच कापणे.